चार हात टेप

बशीरभाई, मंगळवारी दुपारी मी आलो होतो. तुम्हाला ते कळलं नाही, म्हणून आधी तेच सांगतो. ऑफिसची जेवणाची सुट्टी झाली, डबा टेबलावर तसाच ठेवला आणि सायकल काढली. हँडलला पिशवी होती, पिशवीत कांडी होती. आमच्या विणायच्या मागावर सूत गुंडाळायची असते तसलीच लाकडी कांडी, पण तिच्यावर सूत नव्हतं. तुमच्या रेकॉर्डिंगच्या टेपचा तुकडा होता, जो मी जाळून टाकला असं तुम्हाला सांगितलं होतं.

शुक्रवार पेठेत वळलो तर तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर गर्दी. मला वाटलं, कुठली तरी मॅच लागली असेल आणि लोक कॉमेंट्री ऐकायला जमले असतील. रेडिओ चालूही होता. शेजारचे नागनाथ टेलर गळ्यात मापाची टेप घेऊन पायरीवर उभे होते. म्हणाले, बशीरभाई गेले. मी विचारलं, कुठं, जेवायला? त्यांनी मागच्या दाराकडं बोट केलं. अर्ध्या तासापूर्वी तुम्हाला मागं घरात नेलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते, हार्ट म्हणाले होते. काउंटरवर तारांना डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री तशीच तापलेली, तिच्याखाली लाकडावर काळा डाग पडत होता. कुठलं बटण कशाचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणी काही बंद केलं नव्हतं. मी आत जाऊन इस्त्रीची पिन काढली. रेडिओवर बाजारभाव चालले होते. ते मी बंद केले नाहीत. का ते विचारू नका.

आज पाचवा दिवस. अजून मला पटत नाही. तुमच्या दुकानावरून गेलो की मान आपोआप डावीकडं वळते आणि तुम्ही खाली वाकलेले असणार, म्हणून दिसत नाही, असं वाटतं.

तुम्ही कधी जन्मलात, कुठल्या शाळेत होतात, यातलं मला काही ठाऊक नाही. मला तुमच्या चिठ्ठ्या ठाऊक आहेत. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओला तुम्ही दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचात. बाकीचे दुकानदार नाव आणि बिघाड लिहितात. तुम्ही लिहायचात, ‘खरखरतो. म्हातारीला पहाटेची भजनं लागतात, सोमवारच्या आत.’ किंवा ‘आवाज जातो येतो. घरात भांडण आहे, हळू लावतात, व्हॉल्यूम तपासणे.’ मी हसायचो. तुम्ही म्हणायचात, सेक्रेटरी, कोण ऐकतंय ते कळल्याशिवाय काय बिघडलंय ते कळत नाही.

सेक्रेटरी मी शाहीर गुरप्पा प्रेमी मंडळाचा. मंडळ कसलं, नऊ जण. आठ जण आम्ही विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, आणि नववे तुम्ही, घरी दखनी. शाहीर दुधनीचा, निम्मा कानडी, निम्मा मराठी. तरी कलगी-तुऱ्याच्या सामन्यात त्यानं रचलेली कवनं आम्हाला आमच्या मुलांच्या नावांसारखी पाठ. समोरच्या फडानं कवनातून कोडं घालायचं आणि आपण कवनातूनच उत्तर द्यायचं, डफ थांबायच्या आत. बाकीचे शाहीर दोन वेळा धृपद घोळवून वेळ काढतात. गुरप्पाला ते लागायचंच नाही. डफाचे चार ठोके पडेपर्यंत उत्तर तयार. दिवसा तो दुधनीच्या बाजारात तोलार, काट्यापाशी उभा राहून पोत्यांची मोजणी एका सुरात म्हणायचा, आणि आमच्यातले दोघे केवळ ती ऐकायला एसटीनं जायचे. माणूस अडकत नाही, ही आमची सगळ्यांची फुशारकी. मैंदर्गीच्या जत्रेत समोरच्या फडानं तीन कोडी एकात एक घातली तेव्हाही अडकला नाही. ते मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, तुम्हाला माहीत आहे. तुम्हालाच वीसेक वेळा सांगितलं.

तुम्ही मात्र कधी वा म्हणाला नाहीत. आम्ही मांड्या बडवायचो आणि तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. तुम्हाला गाणं कळत नाही, असं मी पहिली दोन वर्षं मानत होतो.

मग तुम्ही एक जड टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मंडळासाठी ठेवलात आणि गाणाऱ्या माणसांना बोलतं करायला लागलात. तुमची पद्धत बघून मला घाम फुटायचा. तुणतुणं वाजवणारा म्हातारा आला, तर त्याला तुम्ही पहिला प्रश्न विचारला, तार कुठनं आणता. तो अर्धा तास तारेवर बोलला आणि बोलता बोलता मेलेल्या बायकोवर आला, कारण तार ती ओढून धरायची. माइकला तुम्ही रुमाल गुंडाळायचात, पेचकस हातात फिरवत बसायचात आणि एकेक प्रश्न असा टाकायचात, जसा काही तुम्हाला त्या उत्तराची घाईच नाही.

मला मात्र होती. पहिल्याच मुलाखतीत पाहुण्याच्या आधी मीच उत्तरं देत होतो. शाहिरांचं पहिलं कवन कुठलं, गुरू कोण, सगळं मला माहीत, मग गप्प कसं बसायचं? तिसऱ्या उत्तरानंतर तुम्ही मशीन थांबवलंत, माइकची वायर माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, सेक्रेटरी, ही दोन्ही हातांनी धरा, हलली तर खरखर येते, आणि बोललात तर हलते. मी वर्षभर ती वायर धरून बसलो. इमानदारीनं. नंतर एकदा नागनाथ टेलरनी हसत सांगितलं की वायरला काही होत नाही, ती जमिनीवर पडली तरी चालते. मला राग आला पाहिजे होता. पण तोपर्यंत मला वायरची सवय झाली होती.

आता दुधनीचं सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही आणि माझ्या तोंडून तुम्ही खरं ऐकलं नाही.

बाजाराला सुट्टी होती. गुरप्पाच्या घरी, पडवीत, तुम्ही मशीन मांडलंत, मी वायर धरली. दीड तास छान चाललं. तोलाई, डफ, गुरू, सामने, सगळं झालं. शाहीर नेहमीसारखा, तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर. आणि तुम्ही पेचकस खाली ठेवून विचारलंत, ‘शाहीर, तुमच्या या घाईत कुणाचं बोलायचं राहून गेलं का हो कधी?’

गुरप्पा गप्प झाला.

मी त्याला दहा वर्षं ओळखत होतो. तो गप्प झालेला मी पाहिला नव्हता. वायर हातातून निसटते की काय असं झालं. मला वाटत होतं, विचारा ना दुसरं काही, त्याला सोडवा. तो स्वतःच एकदा काही तरी पुटपुटला, तुम्ही काही तरी म्हणालात आणि पुन्हा सगळं गप्प. बाहेर एक शेळी ओरडली. मग तो म्हणाला, ‘व्हय. घरातच.’ आणि उठून बाहेर गेला, बिडी पेटवली. तुम्ही मशीन बंद केलंत. परतीच्या एसटीत मी म्हणालो, कुणाबद्दल म्हणाला ते विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी तो आपणहून सांगेल.

पुढची वेळ मी घालवली.

मंडळाच्या वाढदिवसाला पेठेतल्या लोकांना बोलावून ती टेप सगळ्यांना ऐकवायची ठरली. यादी करायला तुम्ही रीळ माझ्याकडं दिलंत. तुटलेली टेप जोडायला तुम्हीच मला शिकवलं होतं, पितळी ठोकळा, दाढीचं ब्लेड, तिरका काप, चिकटपट्टी. मी रात्री नाही, चांगला उजेडात, रविवारी सकाळी बसून तो गप्प झालेला भाग कापून काढला. प्रश्न आणि उत्तर एकमेकांना चिकटवून टाकले. जोड इतका साफ आला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आमचा शाहीर अडकलेला कुणी ऐकू नये, एवढंच मनात होतं. समोरच्या फडातलं कुणी सभेत असतं तर त्यांनी त्याच्यावर कवन केलं असतं. कापलेला तुकडा हातानं मोजला, चार हात भरला. टाकवेना. आमच्या घरात सुताचा तुकडा टाकत नाहीत. कांडीवर गुंडाळून ठेवून दिला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये, गुरप्पा पहिल्या रांगेत, नवा फेटा, गळ्यात हार. टेप त्या जागेला आली. तुमचा आवाज, कुणाचं बोलायचं राहून गेलं का हो कधी. आणि लगेच, ठोक्यासरशी, व्हय, घरातच.

हॉल हसून पडला. मागून कुणी तरी ओरडलं, सगळ्यांच्या घरात तेच. बायकांच्या बाजूलाही हसू पसरलं. मीही हसलो, बशीरभाई. मला खरंच वाटलं की हे फर्मास झालं.

गुरप्पा हसला नाही. त्यानं हार काढून खुर्चीवर ठेवला, तुमच्यापाशी आला आणि हळू म्हणाला, ‘बशीरभाई, म्या इतक्या लवकर बोललो न्हवतो.’

तुम्ही आधी मशीनकडं पाहिलंत. मग माझ्याकडं. त्या दोन नजरांच्या मध्ये तुम्हाला सगळं कळलं, हे मी तेव्हाच पाहिलं. मग तुम्ही त्याला म्हणालात, ‘चूक झाली शाहीर. माझ्या हातनं झाली.’ मी दोन पावलांवर उभा होतो. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही, त्या दिवशी लागलं. गुरप्पा तसाच स्टँडवर गेला.

दुपारी दुकानात आपलं भांडण झालं. भांडण म्हणजे मी भांडलो. लोक शाहिराला ऐकायला आले होते, शेळीला नाही, असं म्हणालो. तो अडकला होता आणि मी त्याची अब्रू झाकली, असंही म्हणालो. तुम्ही एवढंच म्हणालात, अडकला नव्हता, शोधत होता. मग विचारलंत, तुकडा कुठं आहे. मी म्हणालो, चार हातच तर होता, चुलीत घातला. तुम्ही म्हणालात, नक्की? मी म्हणालो, नक्की. तुम्ही बरं म्हणालात आणि डाग द्यायची इस्त्री उचललीत.

त्यानंतर सात महिने मी रोज संध्याकाळी येत राहिलो. आपण डफाच्या कातड्यावरून भांडलो, चहात साखर किती यावरून भांडलो, हॉकीवरून भांडलो. त्या तुकड्याबद्दल तुम्ही पुन्हा एक अक्षर काढलं नाहीत. तुम्ही गुरप्पाला दोन कार्डं टाकलीत हे मला माहीत आहे, कारण टाकायला मलाच दिली होतीत. उत्तर आलं नाही. दोन्ही कार्डांत माझं नाव नव्हतं. हो, मी वाचली.

गेल्या महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ते तुम्ही येऊन बघून गेलात. त्यांचे शब्द आता फार हळू येतात. सोमवारी संध्याकाळी ते काही सांगायला बघत होते आणि मी नेहमीसारखा पुढं पुढं. पाणी हवंय? चादर हवी? कूस बदलू? त्यांनी डोळे मिटून घेतले. मंगळवारी सकाळी मी खाटेपाशी नुसता बसलो, तोंड मिटून, वायर धरल्यासारखे हात मांडीवर धरून. खूप वेळानं ते म्हणाले, खिडकी. खिडकी उघडली. शेजारच्या मागांचा आवाज आत आला. तो त्यांना ऐकायचा होता.

म्हणून दुपारी कांडी घेऊन निघालो होतो. सांगायचं होतं, भाई, तो अडकला नव्हता. तुम्ही बरोबर होतात. दुधनीला मी जातो, कापणारा मी होतो हे मी सांगतो.

अर्धा तास. मला तुमचा राग येतो हो. त्या तुणतुण्यावाल्यासाठी थांबलात, गुरप्पासाठी थांबलात, ज्याच्या त्याच्यासाठी पेचकस फिरवत बसलात. माझ्यासाठी अर्धा तास निघाला नाही? हे मी तुम्हाला माती देताना मनात म्हणत होतो. माणसं मुठीनं माती टाकत होती आणि मी तुमच्याशी भांडत होतो. आपली सवयच ती.

दुधनीला एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला होता. गुरुवारी जियारत, तिसऱ्या दिवसाची प्रार्थना. सकाळीच मी भाभींकडं गेलो आणि कसंबसं म्हणालो, दुधनीची टेप मिळेल का. मला वाटलं, शोधावी लागेल. भाभी उठल्या, कपाटातून खोका काढून दिला. म्हणाल्या, ‘तुमे आयेंगे बोलके अलग रखे थे उनो.’

खोक्याला चिठ्ठी बांधलेली होती. तुमच्या रेडिओंना असते तशीच, तोच दोरा, तेच पेन्सिलीचं अक्षर. ‘चार हात तुकडा कमी. सेक्रेटरी आणतील.’

तारीख सभेच्या त्याच दिवसाची.

मी दुकानात बसून रीळ उलगडत गेलो. माझा तो साफ जोड तुम्ही उघडला होता. प्रश्न एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पांढरी कोरी पट्टी, रिळाच्या सुरुवातीला जोडतात ती. मी हातानं मोजली. एक, दोन, तीन, चार. तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं की मी खोटं बोलतोय. तुम्ही जागा करून ठेवलीत आणि सात महिने माझ्याशी चहातल्या साखरेवरून भांडत राहिलात.

पट्टी काढली, कांडीवरचा तुकडा लावला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट जोड आहे तो, भाई. तुम्ही बघितला असता तर परत करायला लावला असता.

गुरप्पा दुपारच्या एसटीनं आला. चपला काढून दाराशीच उभा राहिला, आत येईना. मी उठलो आणि एका दमात सांगून टाकलं, की टेप मी कापली होती, भाईंनी नाही, त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली. तो म्हणाला, ‘तुमी?’ मी म्हणालो, मी. त्यानं तुमच्या स्टुलाकडं पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन खाली बसला.

मी मशीन लावलं. तुमचा प्रश्न आला. मग ती शांतता आली, जी मी कापताना फक्त मोजली होती, ऐकली नव्हती. तिच्यात सगळं आहे. पडवीतला वारा, शेळी, आणि अगदी माइकजवळ तुमचा श्वास. दीड तासाच्या त्या टेपमध्ये तुमचा श्वास तेवढ्याच जागी ऐकू येतो. मग गुरप्पाचा दबका आवाज, ‘फुडचा इचारा की.’ आणि तुमचा, ‘असू द्या शाहीर. घाई नाही.’ पुन्हा श्वास. पुन्हा वारा. आणि मग, व्हय, घरातच.

या वेळी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

रीळ संपून टेपचं टोक फटफट करत फिरायला लागलं. मी मशीन बंद केलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. मी माइकची वायर उचलली आणि दोन्ही हातांनी धरली.

‘त्यांनी इचारलेलं अर्धंच सांगितलं व्हतं म्या,’ तो म्हणाला. ‘मशीन चालू हाय का?’

मी कोरं रीळ चढवलं, माइकला तुमचा रुमाल गुंडाळला.

‘धाकटा भाऊ व्हता. मल्लाप्पा. त्याचं बोलनं अडायचं. त्यो अडला की म्या म्होरलं पुरं करायचो. गमतीचं कायबी जोडून. घरातली समदी हसायची. तितंच शिकलो म्या हे.’

तो थांबला. त्याचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. डफाचे चार ठोके होऊन गेले, आठ होऊन गेले, आणि त्या सभेत लोक का हसले, त्यानं हार का काढून ठेवला, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं: भावाचं तो जे करायचा, तेच मी त्याचं केलं होतं. तो मान वर करून म्हणाला, थांबवा वाटलं तर.

‘असू द्या शाहीर,’ मी म्हणालो. ‘घाई नाही.’

आणि वायर धरून बसून राहिलो, बशीरभाई. हलली नाही.